यूव्ही नंतर, आधी ब्लोअर बघा

कांदिवलीच्या तुमच्या सोसायटीला विक्रेता म्हणतो, एसटीपीला (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेला) यूव्ही, म्हणजे अतिनील दिवे बसवा, पाण्यातले हार्मोन 'मरतील'. अहो, हार्मोन म्हणजे जंतू नव्हेत. जंतू मारण्याच्या डोसने या रेणूंना फारसं काही होत नाही. कितीतरी जास्त डोस आणि सोबत हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं. त्याने दाखवलेला रिपोर्ट नीट वाचा, बहुतेक कॉलिफॉर्म जंतूंचाच निघेल.

खरं काम एअरेशन टाकीतले जीवाणू करतात, ज्यांना ब्लोअर हवा पुरवतो. लघवीतून इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन बहुतांशी निष्क्रिय रूपात बाहेर पडतं, पण मैल्यातले जीवाणू त्याला चिकटलेला तुकडा तोडतात आणि ते पुन्हा जागं होतं. पुढे टाकीत एस्ट्राडायोल, म्हणजे शरीरातलं नैसर्गिक इस्ट्रोजेन, बरंचसं खाल्लं जातं. गर्भनिरोधक गोळीतलं एथिनिलएस्ट्राडायोल मात्र चिवट. कॅनडातल्या एका प्रायोगिक तलावात २००१ पासून तीन उन्हाळे ते सोडलं, लिटरमागे जेमतेम ५-६ नॅनोग्रॅम. तिथले फॅटहेड मिनो मासे जवळजवळ संपले.

नॅनोग्रॅम मोजणं सोसायटीच्या खिशाबाहेरचं. मी अमोनिया बघतो. अमोनिया खाणारे जीवाणू सावकाश वाढतात. ते टिकले असतील तर टाकी मुरलेली आहे, आणि अशा टाकीत हार्मोनही जास्त तुटतात. आमच्याकडे आवाजाची तक्रार आली म्हणून ऑपरेटर रात्री अकराला ब्लोअर बंद करायचा. एमबीबीआरच्या, म्हणजे टाकीत तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या चकत्यांवरचा जीवाणूंचा चॉकलेटी थर काळा पडला, सडक्या अंड्यांचा वास सुटला. बाहेरचं पाणी दिसायला स्वच्छच! पण अमोनिया तपासायची पट्टी आत येणाऱ्या पाण्यात बुडवा की बाहेर जाणाऱ्या, रंग तोच. ब्लोअर चोवीस तास सुरू केल्यावरही रंग बदलायला तीन आठवडे गेले.

एवढं जमल्यावर उरलेल्या हार्मोनसाठी कार्बनचा फिल्टर. सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) जास्त असेल तर साध्या घाणीनेच तो भरतो आणि हार्मोनला जागा उरत नाही. क्लोरीन कार्बनच्या नंतर टाका. आधी टाकलं तर कार्बनच ते खातो.

हार्मोन तोडायला ओझोन वायू चांगला, पण फ्लशला खाडीकडच्या बोअरचं मचूळ पाणी असेल तर जपून. खाऱ्या पाण्यातल्या ब्रोमाइडपासून ब्रोमेट तयार होतं, आणि ते कर्करोगकारक असल्याचा संशय आहे.

विक्रेत्याला होकार देण्याआधी ऑपरेटरला एक विचारा : कार्बन शेवटचा कधी बदलला? आमचा चार वर्षांचा निघाला.