बेदाण्याचा मसालेदार पाव फुगत नाही तेव्हा

सोलापूरहून आई-वडील परदेशी येतात तेव्हा बॅगेत शेंगाचटणी, कडक भाकरी आणि किलोभर बेदाणे ठरलेलेच. (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला उतरताना खाण्याच्या सगळ्या वस्तू फॉर्मवर जाहीर करायला त्यांना आधीच सांगून ठेवा.) चटणी-भाकरी पंधरा दिवसांत संपते, बेदाणे मात्र डब्यात पडून राहतात. त्यांचा मसालेदार पाव घरी केला की मुलांच्या डब्याची सोय होते. पण तक्रार सगळीकडे एकच असते: पाव फुगत नाही, विटेसारखा जड होतो. मग यीस्टचं नवं पाकीट येतं आणि पुन्हा तेच होतं.

दोष बहुधा यीस्टचा नसतो. दालचिनी, लवंग, साखर आणि बेदाणे यांनी या पावाला चव येते, आणि यीस्टला अडवतात तेही हेच. त्यांचं प्रमाण आणि ते घालायची वेळ सांभाळली की पाव हलका होतो.

२३ बाय १३ सेंटीमीटरच्या एका टिनसाठी ४०० ग्रॅम ब्रेडचं पीठ घ्या. पाकिटावर १०० ग्रॅमला १२ ग्रॅम किंवा जास्त प्रथिनं लिहिलेली असावीत. केकच्या मैद्यात तेवढा ताण नसतो, बेदाण्यांच्या वजनाने तो खाली बसतो. सोबत २६० मिली दूध, ४० ग्रॅम साखर, ४० ग्रॅम मऊ लोणी, ७ ग्रॅम मीठ, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट आणि १५० ग्रॅम बेदाणे लागतात. अंडं लागत नाही. साखर पिठाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा वाढवू नका. जास्त साखर पीठातलं पाणी स्वतःकडे ओढते, मग यीस्ट मंदावतं. दूध एकदा उकळून कोमट करा, कारण कच्च्या दुधातली काही प्रथिनं पावाची वीण सैल करतात. बोट बुडवलं तर सहज सोसवेल इतपतच ऊब हवी. चटका बसेल इतक्या गरम दुधात यीस्ट मरतं.

आता बेदाणे. पंढरपूर, तासगाव, सांगलीच्या बाजारांतून येणारा बेदाणा लवकर वाळावा म्हणून द्राक्षं तेलकट द्रावणात बुडवून काढलेली असतात, आणि पिवळ्याधमक मालाला गंधकाची धुरी दिलेली असते. तो तेलकटपणा आणि गंधक दोन्ही पिठात नकोत. म्हणून कोमट पाण्यात दोनदा चोळून धुवा, मग वीस मिनिटं भिजवा, चाळणीत निथळवा आणि फडक्यावर पसरून वरचं पाणी पूर्ण टिपून घ्या. कोरडे बेदाणे घातले तर ते पिठातलं पाणी शोषून घेतात आणि पाव दुसऱ्या दिवशी भुसभुशीत होतो. ओले घातले तर त्यांच्याभोवती चिकट खळगे पडतात. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं असलं तरी त्याचे ताजे दाणे या पावात घालू नका, त्यांचा रस सुटून पीठ लगदा होतं.

वेलचीपूड एक चमचा आणि जायफळ पाव चमचा खुशाल पिठात घाला. दालचिनी मात्र पिठात मिसळू नका. तिचं तेल यीस्टला अडवतं. लवंगेचंही तसंच, एका पावाला दोन लवंगांची पूड पुरे. एक चमचा दालचिनीपूड आणि लवंग निथळलेल्या बेदाण्यांना चोळून वेगळी ठेवा, ती शेवटी येईल.

पीठ, दूध, साखर, यीस्ट आणि वेलची-जायफळ एकत्र करून वीस मिनिटं तसंच झाकून ठेवा. मग मीठ घालून दहा मिनिटं मळा आणि लोणी थोडंथोडं जिरवत आणखी पाच-सात मिनिटं. लोणी घातल्यावर गोळा एकदा परातीला चिकटतो, विस्कटतो. घाबरून कोरडं पीठ भुरभुरू नका, मळत राहिलं की तो पुन्हा एकजीव होतो. लिंबाएवढा गोळा बोटांवर ताणून उजेडाकडे धरा. फाटण्याआधी पडद्यासारखा पातळ झाला की झालं.

पीठ दुप्पट होऊ द्या. किती वेळ लागेल ते घड्याळ सांगत नाही, खोलीची ऊब सांगते. २६ अंशाला सव्वा तास, परदेशातल्या १८ अंशाच्या स्वयंपाकघरात अडीच-तीन तास. गारवा असेल तर पीठ ओव्हनमध्ये ठेवा, ओव्हन बंद ठेवून फक्त आतला दिवा लावा आणि शेजारी उकळत्या पाण्याचा पेला ठेवा. मे महिन्यात सुट्टीला सोलापूरला गेलात तर गणित उलटं होतं. चाळिशीपार उन्हात फ्रिजमधलं गार दूध घ्या, यीस्ट ४ ग्रॅमवर आणा. तिथे पीठ पाऊण तासात वर येतं आणि लक्ष चुकलं तर आंबटतं. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत गारवा असतो, तेव्हा परदेशातलंच प्रमाण ठेवा.

फुगलेलं पीठ हलकेच दाबून टिनच्या लांबीएवढं आयताकृती पसरा, बेदाणे-दालचिनी पसरा आणि घट्ट गुंडाळी करून, जोड खाली ठेवून टिनमध्ये घाला. गुंडाळी सैल राहिली तर भाजल्यावर आत पोकळी निघते. वर डोकावणारे बेदाणे आत दाबा, ते जळून कडू होतात. मग झाकून पुन्हा फुगू द्या. पीठ टिनच्या काठावर बोटभर आलं की १८० अंशाला, पंख्याच्या ओव्हनमध्ये १६०ला, ३५ ते ४० मिनिटं भाजा. वीस मिनिटांनी वरून फॉइल टाका. आतलं तापमान ९३ अंश म्हणजे पाव झाला. तापमापक नसेल तर टिनमधून काढून बुडाशी टिचकी मारा, पोकळ आवाज यायला हवा. तासभर जाळीवर निवू द्या. गरम कापला तर आतला गर सुरीला चिकटतो आणि पाव कच्चा वाटतो.

हातखंडा बसला की एक सोलापुरी बदल जरूर करा. ४०० ग्रॅम पिठातलं ३० ग्रॅम कमी करून तेवढं ज्वारीचं पीठ घ्या. ते १२० मिली पाण्यात शिजवून उकड करा आणि पूर्ण निवल्यावर पिठात मळा. दूध १६० मिलीवर आणा, लागलं तर चमचाचमचा वाढवा. भाकरीला उकळतं पाणी घालून विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, आणतात, तेच तत्त्व. शिजलेली ज्वारी पाणी धरून ठेवते, म्हणून पाव तीन दिवस मऊ राहतो. कच्ची ज्वारी तशीच घातली तर उलट पाव ठिसूळ होतो, तिच्यात ग्लूटेन नसतं.

सोलापूरच्या घरात शेंगदाण्याचा कूट कशातही पडतो. शाळेच्या डब्याच्या पावात मात्र तो घालू नका. परदेशातल्या अनेक शाळांत ॲलर्जीमुळे शेंगदाणे आणि सुकामेव्याला बंदी असते. बदाम-अक्रोड घालायचेच तर घरी खायच्या पावात घाला.

उरलेला पाव फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे तो सगळ्यात लवकर शिळा होतो. काप करून, मध्ये बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि सकाळी थेट टोस्टरमध्ये टाका. बेदाण्यांमुळे कडा पटकन करपतात, तेव्हा आच नेहमीपेक्षा एक आकडा कमी.