वाचकांचे प्रश्न : वाढदिवसाचं जेवण स्टेकहाउसमध्ये

प्रश्न : वडिलांचा साठावा वाढदिवस एका मोठ्या स्टेकहाउसमध्ये करायचा आहे. आम्ही आठ जण आहोत. मेन्यूवरच्या फिले, रिबाय, स्ट्रिप, टोमाहॉक या नावांतून कोणासाठी काय आणि किती मागवावं?

स्टेक म्हणजे गोमांसाचा भाजलेला जाड तुकडा, आणि ही नावं तो जनावराच्या कोणत्या भागातला आहे ते सांगतात. मऊपणा आणि चव एकाच तुकड्यात क्वचितच पुरेपूर मिळतात, त्यामुळे निवड माणूस पाहून करावी. फिले पाठीच्या कण्याखालच्या, फारसं काम न पडणाऱ्या स्नायूचा असतो. तो सगळ्यांत मऊ, पण चरबी कमी असल्यानं चवीला सौम्य. दातांची तक्रार असलेल्यांना तोच द्या. रिबाय फासळ्यांच्या भागातला. त्यात चरबीच्या रेषा भरपूर, म्हणून तो रसाळ आणि चवीला सगळ्यांत भरदार. स्ट्रिप या दोन्हींच्या मधला : चावायला जरा घट्ट, एका कडेला चरबीची पट्टी. टी-बोन आणि पोर्टरहाउसमध्ये हाडाच्या एका बाजूला स्ट्रिप आणि दुसऱ्या बाजूला फिले असतो. पोर्टरहाउसमधला फिलेचा भाग मोठा, एवढाच फरक. टोमाहॉक म्हणजे लांब फासळीसकट ठेवलेला रिबायच. टेबलावर तो दिमाखदार दिसतो, पण हाडाच्या वजनाचेही पैसे तुम्हीच मोजता.

मेन्यूवरचं वजन कच्च्या मांसाचं असतं. शिजताना त्यातलं साधारण पाव वजन घटतं. माणशी २०० ते २५० ग्रॅम बिनहाडाचा स्टेक पुरतो. आठ जणांसाठी १ ते १.२ किलोचे दोन टोमाहॉक मध्ये ठेवून वाटून घ्या आणि ज्यांना मऊ हवं अशा दोघांसाठी २०० ग्रॅमचे फिले वेगळे सांगा. बटाटा, पालक, मश्रूम अशा जोडपदार्थांचे वाडगे मोठे असतात, आठ जणांत चार खूप झाले. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो : ब्रेड आणि सुरुवातीच्या पदार्थांनीच पोट भरतं आणि मुख्य ताट अर्धं परत जातं.

दर १०० ग्रॅमला लिहिला असेल, तर तुकड्याचं एकूण वजन आणि रक्कम ऑर्डर पक्की करण्याआधी विचारून घ्या. ते विचारण्यात काहीही गैर नाही.

प्रश्न : वडिलांना स्टेक पूर्ण शिजलेला लागतो, मुलांना आतून गुलाबी. ताटातलं लाल पाणी पाहून आईला शिसारी येते. ते रक्तच ना? आणि ‘वेल डन’ मागवलं तर शेफला खरंच राग येतो का?

ते रक्त नाही. स्नायूत प्राणवायू साठवणारं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन पाण्यात मिसळून तो रंग येतो. आईंना हे सांगा, आणि त्यांचा स्टेक ‘मीडियम वेल’ मागवा.

शिजण्याच्या पातळीप्रमाणे तुकड्याच्या मध्यभागाचं तापमान साधारण असं धरतात : रेअर, म्हणजे सगळ्यांत कमी शिजलेला, ५० ते ५२ अंश सेल्सिअस, मीडियम रेअर ५४ ते ५७, मीडियम ६० ते ६३, मीडियम वेल ६५ ते ६८ आणि वेल डन ७१ च्या पुढे. ६० अंशांच्या आसपास मायोग्लोबिनचा रंग बदलू लागतो आणि गुलाबी जाऊन करडा येतो. ६५ च्या आसपास स्नायूंभोवतालचं आवरण आकसतं आणि आतलं पाणी पिळून बाहेर काढतं. वेल डन स्टेक कोरडा लागतो तो यामुळे. म्हणून वडिलांसाठी जाड फिले नको. चरबी असलेला रिबाय घ्या, तोही पातळ. जाडच मिळत असेल, तर मधून चिरून पुस्तकासारखा उघडून भाजायला सांगा. नाहीतर आत शिजेपर्यंत बाहेरून करपतो आणि बाकीचे ताटं समोर ठेवून थांबतात. आवडीप्रमाणे शिजवून मागणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे, आणि वाढदिवस ज्यांचा आहे त्यांनी तर मुळीच संकोच करू नये.

वाटून खायच्या मोठ्या तुकड्याला शिजण्याची एकच पातळी सांगता येते. तो मीडियम रेअर मागवा. हाडालगतचा भाग जरा कमी शिजतो आणि कडेचा जास्त, तेव्हा वाटताना आवड पाहून वाढा. पाच सेंटिमीटर जाडीचा तुकडा भाजून, मग काही मिनिटं मुरायला ठेवून टेबलावर यायला ४० मिनिटं सहज लागतात. मुरवण्याची घाई करू नका. तुकडा लगेच कापला तर रस ताटात सांडतो.

प्रश्न : पाहुण्यांत एक शाकाहारी आहेत आणि एक गरोदर. त्यांना काय चालेल?

शाकाहारी व्यक्तीसाठी ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. फ्रेंच फ्राइज कधी प्राण्यांच्या चरबीत तळतात, कांद्याचं सूप आणि मश्रूमचा सॉस मांसाच्या अर्कावर करतात, सीझर सॅलडमध्ये अँकोव्ही मासा असतो आणि पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनं विरजतात. हे सगळं टेबल बुक करतानाच विचारा. ऐन गर्दीत वेटरला स्वयंपाकघरातून नेमकं उत्तर आणणं कठीण जातं.

गरोदर स्त्रीनं टार्टार आणि कार्पाचो हे कच्च्या मांसाचे पदार्थ टाळावेत आणि स्टेक पूर्ण शिजवूनच घ्यावा. अखंड तुकड्यात जंतू बहुधा पृष्ठभागावर असतात, ते भाजताना मरतात. पण मांस मऊ करायला सुया टोचल्या असतील तर ते आत पोचतात. खिम्याचंही तसंच, म्हणून बर्गर सगळ्यांनीच ७१ अंशांपर्यंत शिजलेला खावा. बेअर्नेझ सॉसमध्ये अर्धंकच्चं पिवळं बलक असतं, हेही ध्यानात ठेवा.

प्रश्न : केक बाहेरून नेला तर चालतो का? वडिलांना चकित करायचं आहे.

बऱ्याच ठिकाणी चालतो, पण कापून वाढण्याचं वेगळं शुल्क लावतात, कधी माणशी. फोनवर विचारा. जड जेवणानंतर माणशी ८०-१०० ग्रॅम केक पुरतो, म्हणजे आठ जणांना पाऊण किलो. क्रीमचा असेल तर पोचल्या पोचल्या फ्रिजमध्ये ठेवायला द्या. फुलबाजीसारख्या मेणबत्त्या आत लावायला बहुधा मनाई असते, साध्या न्या. मुख्य ताटं उचलून टेबल पुसलं की केक आणावा, असं वेटरशी आधीच ठरवा. वडिलांना चारचौघांत गाणं आवडत नसेल, तर तेही तेव्हाच सांगा. बिलावरून टेबलाशी ओढाताण होऊ नये म्हणून आल्याबरोबर तुमचं कार्ड काउंटरवर देऊन ठेवा.

प्रश्न : वाग्यू या जपानी गोमांसाचा ‘ए५’ दर्जा म्हणजे काय? तो घ्यावा का?

जपानी प्रतवारीत ‘ए’ हे अक्षर जनावरापासून किती मांस मिळालं ते सांगतं आणि ५ हा आकडा चरबीची जाळी, रंग, पोत यांचा वरचा दर्जा. चव फार तुपट असते, अख्खा स्टेक जात नाही. माणशी ५० ते ६० ग्रॅम, सगळ्यांनी चाखण्यापुरता मागवा.

प्रश्न : सांगितला तसा स्टेक आला नाही, तर परत पाठवावा का?

जरूर. ताट आल्याबरोबर, वेटर उभा असतानाच, मध्यभागी एक काप देऊन पाहा. कमी शिजला असेल तर पुन्हा आचेवर ठेवता येतो, पाच मिनिटांत परत येतो. जास्त शिजला असेल तर नवाच करावा लागतो, म्हणून निम्मा खाऊन झाल्यावर सांगू नका.