मुलांना मूस आणि त्याच्यावरची संकटं कशी समजावून सांगावीत?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: आठ-नऊ वर्षांच्या मुलांना मूसची, म्हणजे उत्तरेकडच्या थंड जंगलांत राहणाऱ्या जगातल्या सर्वात मोठ्या हरणाची, ओळख कशी करून द्यायची, आणि त्याच्यावरची संकटं सांगताना मुलं रडवेली होऊ नयेत म्हणून काय करायचं. मी याच वयाच्या मुलांना प्राण्यांविषयी शिकवते. माझ्या मते संकटांचा वेगळा धडा करूच नये. मूसचं शरीर नीट दाखवलं, की संकटं मुलांना आपोआप सापडतात.

भिंतीवर जमिनीपासून दोन मीटरवर खडूने रेघ मारा. मोठ्या नराचा खांदा जवळपास तिथे येतो. शिंगं त्याच्याही वर. अलास्कातले दांडगे नर ६०० किलोच्या पुढे जातात. एवढी मोठी शिंगं हिवाळ्यात गळतात आणि वसंतात नव्याने फुटतात म्हटलं, की कुणीतरी "दरवर्षी?" असं विचारतंच. हो, दरवर्षी. मग लांबलचक पाय दाखवा, ते खोल बर्फातून चालण्यासाठी. दाट, आतून पोकळ केस थंडीसाठी. आणि झाडपाल्यात सोडियम (मिठातला घटक) कमी असतं म्हणून हा प्राणी तळ्यात तोंड बुडवून, वेळ पडली तर चक्क बुडी मारून, पाणवनस्पती खातो.

आता त्याच भिंतीवर मोटारीच्या दिव्यांच्या उंचीवर दुसरी रेघ मारा आणि विचारा, धडक कुठे बसेल? पायांना, हे मुलंच सांगतात. पाय खालून निसटतात आणि अख्खं धड समोरच्या काचेवर येतं. रात्री दिव्यांचा उजेड बराचसा पोटाखालून निघून जातो, त्यात अंगाचा रंग गडद, म्हणून चालकाला तो फार उशिरा दिसतो. बर्फ वितळावा म्हणून टाकलेलं मीठ चाटायला मूस रस्त्यावर येतात, हेही सांगा. कॅनडात जॅस्परजवळ 'मूसला गाडी चाटू देऊ नका' अशा पाट्या लागल्या होत्या. मुलं खो-खो हसतात. हसू द्या, गोष्ट लक्षात राहते.

दाट केसांचं तसंच. उन्हाळ्यात पारा १४ अंशांच्या वर गेला की मूसला उकडायला लागतं, असं अभ्यासक बऱ्याच काळापासून मानत आले आहेत. तो सावली आणि पाणी शोधतो, चरणं कमी होतं.

सर्वात जास्त वेळ मात्र गोचिडीला द्या, कारण हवामानबदल म्हणजे काय हे मुलांना इथे खरोखर कळतं. हिवाळी गोचिडीची बारीक पिल्लं शरद ऋतूत झुडपांच्या शेंड्यांवर एकमेकांचे पाय धरून घोळक्याने वाट पाहतात. मूस घासून गेला की अख्खा घोळका अंगावर चढतो आणि वसंतापर्यंत तिथेच राहून रक्त पितो. पूर्वी बर्फ लवकर पडायचा आणि ही वाट पाहणारी पिल्लं मरायची. आता बर्फ उशिरा येतो, म्हणजे त्यांना जास्त दिवस मिळतात. शिवाय वसंतात बर्फ लवकर वितळला की अंगावरून गळून पडणाऱ्या माद्या कोरड्या जमिनीवर पडतात आणि अंडी घालायला जगतात. अमेरिकेच्या मेन आणि न्यू हॅम्पशायर राज्यांत २०१४ ते २०१६ दरम्यान अभ्यासलेल्या मूसच्या पिल्लांच्या अंगावर सरासरी ४७ हजारांच्या आसपास गोचिड्या होत्या, आणि त्या वर्षांत सुमारे ७० टक्के पिल्लं दगावली. मुलांना कागदावर शंभर ठिपके काढायला लावा आणि असे किती कागद लागतील ते विचारा. ४७० हे उत्तर आलं की वर्गात शांतता पसरते. फोटो मात्र दाखवू नका. खाजवून केस गेलेला, पांढरट पडलेला मूस लहानांना झोपू देत नाही.

पांढऱ्या शेपटीच्या हरणांमुळे पसरणारा मेंदूतला जंत एका वाक्यात सांगा: हरणाला त्याचा त्रास होत नाही, पण गोगलगायींमार्फत तो मूसमध्ये शिरला की मूस लडखडतो आणि बऱ्याचदा मरतो.

लांडग्याला खलनायक करू नका, एवढी विनंती. अमेरिकेत लेक सुपीरियर या सरोवरातल्या आइल रॉयल बेटावर १९५८ पासून लांडगे आणि मूस यांचा अभ्यास चालू आहे. तिथे लांडगे उरले दोन, मूस दोन हजारांवर गेले आणि त्यांनी फर नावाच्या सूचिपर्णी झाडांची रोपं ओरबाडून खाल्ली. शेवटी २०१८ पासून बाहेरून लांडगे आणून सोडावे लागले.

"मग मूस संपणार का?" हा प्रश्न येणारच. खरं तेच सांगा: जगातून नाही. स्वीडनमध्ये लाखोंच्या संख्येत आहेत, दर शरदात त्यांची कायदेशीर शिकारही होते. पण अमेरिकेच्या मिनेसोटा राज्याच्या वायव्य भागात १९८०च्या दशकात सुमारे ४,००० होते, ते २००७ पर्यंत शंभराच्याही खाली आले. ठिकाणानुसार उत्तर बदलतं, आणि मुलांना हे पेलतं. त्यानंतर लगेच कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानातले, प्राण्यांना महामार्ग ओलांडता यावा म्हणून बांधलेले पूल आणि रस्त्याकडेची कुंपणं दाखवा, आणि मुलांना आपापला पूल आखायला सांगा: किती रुंद, वर कोणती झाडं, कुंपण किती उंच. मूसला ते ओलांडता येऊ नये, म्हणून पहिली खडूची रेघ पुन्हा मोजायला ती स्वतःच उठतात.

सहा वर्षांखालची मुलं असतील तर गोचीड आणि जंत दोन्ही वगळा. पाय, शिंगं आणि गाडी चाटण्याची गंमत त्यांना भरपूर होते.