खोकल्याने सील केलेली नस उघडेल का?

प्रश्न : बाबांचं (वय 64) पुढच्या आठवड्यात दुर्बिणीतून फुप्फुसाचं ऑपरेशन आहे, उजव्या बाजूचा वरचा लोब (फुप्फुसाचा एक भाग) काढणार आहेत. सर्जन म्हणाले मोठ्या रक्तवाहिन्यांना स्टेपलर लावू, बारीक नसा मशीनने सील करू. नुसती जाळून बंद केलेली नस खोकल्याच्या उबळीने उघडली तर? आईला झोप नाहीये. – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, आधी आईंच्या डोक्यातून ‘जाळणं’ काढा. या मशीनला 5 मिलिमीटर जाडीची लांब दांडी असते, टोकाला चिमट्यासारखा जबडा, त्यात नस घट्ट दाबून करंट दिला की भिंतीतलं कोलाजेन नावाचं प्रथिन वितळतं आणि दोन्ही भिंती एकजीव होतात. तिथे चपटी, काचेसारखी पट्टी दिसते, तिच्या मधोमध कापतात. हार्मोनिक नावाच्या मशीनमध्ये करंट शरीरातून जातच नाही, पातं सेकंदाला 55,500 वेळा थरथरतं, त्या घर्षणाच्या उष्णतेनेच सील होतं.

आता खोकल्याचं. दंडाला पट्टा बांधून आपण 120 मोजतो ना, फुप्फुसाच्या धमनीत तोच वरचा आकडा 25च्या आसपास असतो. शिवाय खोकताना दाब नसेच्या आत वाढतो तसा बाहेरूनही वाढतो, म्हणून सीलवर वाटतो तेवढा ताण येत नाही.

खरी काळजी वेगळीच आहे, या धमनीची भिंत फार पातळ, जरा ओढली की फाटते, आणि मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त तिच्यातून जातं. वरच्या लोबच्या फांद्या कधीकधी 3-4 मिलिमीटरच्याच असतात, त्यांच्यामागून स्टेपलरचा जाड जबडा सरकवतानाच फाटायची भीती, तिथे ही बारीक मशीन फार उपयोगी पडते. कंपन्या 7 मिलिमीटरपर्यंत म्हणतात, पण फुप्फुसात मी 5च्या पुढे जात नाही, आणि हृदयाकडच्या बाजूला एक क्लिप किंवा गाठ मारतोच. तुमच्या सर्जनना हे दोन्ही बिनधास्त विचारा, कुणी रागावत नाही.

बाबांना पूर्वी टीबी झाला असेल तर तेही आवर्जून सांगा, जुन्या टीबीच्या गाठी नसांना चिकटून बसलेल्या असतात आणि तिथे नस सोडवणंच अवघड जातं, सील नंतरची गोष्ट.

आणि ऑपरेशननंतर बाबांना खोकू द्या, भीतीने दाबून धरला तर कफ साचून न्यूमोनिया होतो. उशी छातीशी घट्ट धरून खोकायचं, दुखणं बरंच कमी होतं, आजपासूनच सराव करून घ्या.