सकाळी दहा-बारा पाहुण्यांसाठी गोड, भरपेट नाश्ता आदल्या रात्रीच कसा तयार करून ठेवावा?

माझ्या मते यासाठी ओव्हनमध्ये भाजलेला फ्रेंच टोस्ट सर्वांत सोयीचा आहे, कारण तव्याजवळ उभे राहून एकेक काप परतावा लागत नाही. सुमारे ५०० ग्रॅम शिळ्या पावाचे जाड तुकडे लोणी लावलेल्या खोलगट भांड्यात पसरावेत. पाव ताजा असल्यास तो आधी ओव्हनमध्ये थोडा वाळवून घ्यावा, अन्यथा त्याचा लगदा होतो. ८ अंडी, अर्धा लिटर दूध, २५० मिलिलिटर साय किंवा क्रीम, १०० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ आणि जायफळ एकत्र फेटून पावावर ओतावे आणि भांडे झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे. सकाळी वरून लोणी, गूळ आणि अक्रोड यांचा चुरा पसरावा. हा चुरा रात्रीच घातल्यास त्याचा कुरकुरीतपणा जातो. १८० अंश सेल्सिअसला साधारण ४५ ते ५० मिनिटे, मधला भाग ओलसर राहणार नाही इतके भाजावे. काचेचे थंडगार भांडे थेट तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवू नये, ते तडकू शकते. घरचा ओटीजी लहान असेल, तर भांडे त्यात मावते का, हे मात्र रात्रीच पाहून घ्यावे.