प्लेगचा कायदा कुणाच्या धाकाने आला?

प्रश्न : नमस्कार. मुलीचा इतिहासाचा अभ्यास घेताना पुण्यातला १८९७ चा प्लेग, रँड, चाफेकर बंधू हे सगळं आलं. ती म्हणाली, इंग्रजांना आपल्या तब्येतीची एवढी काळजी कधीपासून वाटायला लागली की घराघरात सोल्जर घुसवले? यात बाहेरच्या देशांचा काही संबंध होता का?
– एक पालक, सातारा

उत्तर : मुलीने अगदी मुद्द्यावर बोट ठेवलंय. संबंध होता, आणि बराच होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस यांनी (हे मूळचे गोव्याचे) प्लेग ओळखला आणि बातमी बाहेर गेल्यावर युरोपातली सरकारं घाबरली, कारण मुंबईची जहाजं सुएझमार्गे माल आणि माणसं घेऊन थेट त्यांच्याच बंदरांना लागायची. मग मुंबईचा माल अडवायची भाषा सुरू झाली, आणि इंग्लंडचा तर सगळा जीव त्या व्यापारात. त्यात फेब्रुवारी १८९७ मध्ये खास प्लेगसाठी व्हेनिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरणार होती, तिथे आपण किती कडक आहोत हे दाखवणं भाग होतं. आता तारीख बघा, ४ फेब्रुवारीला साथरोग कायदा आला, म्हणजे साथ रोखायला सरकारला हवे ते उपाय करायची मुभा देणारा कायदा. मुंबईहून हजला जाणाऱ्यांनाही त्या वर्षी बंदी घातली.

धक्क्यावर बोटीत चढायच्या आधी डॉक्टर प्रत्येकाची मान, काख, जांघ चाचपून प्लेगची गाठ आहे का बघायचे, रेल्वे स्टेशनवरही तेच, आणि यातून बायकाही सुटल्या नाहीत. लोक का पेटले ते यातून कळतं. तपासणीच नको होती असं मी म्हणणार नाही, प्लेग खरोखर भयंकर होता. पण सगळा धाक बाहेर जाणाऱ्या जहाजासाठी आणि मांडवीच्या अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत मरणाऱ्या माणसाचा विचार त्यानंतर, याचा मला आजही राग येतो. त्याच जानेवारीत हाफकिन या शास्त्रज्ञांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस बनवून आधी स्वतःला टोचून घेतली होती, म्हणजे माणसं वाचवायचा दुसरा रस्ताही तेव्हा खुला होत होता.

आणि साथ म्हटली की आधी जहाजं, व्यापार आठवायचा, हे फक्त इंग्रजांपुरतं नाही बरं का. आजचे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम २००५ चे, त्यात गंभीर साथीची शक्यता दिसली की २४ तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवायचं असतं, आणि बाकीच्या देशांनी विनाकारण प्रवास-व्यापार अडवायचा नसतो, हेही त्याच नियमांत आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी कोरोनाचा ओमायक्रॉन हा नवा प्रकार शोधून लगेच जगाला सांगितला, तर दोन-तीन दिवसांत एकामागून एक देशांनी त्यांची विमानं बंद केली. खरं सांगणाऱ्याचंच असं नुकसान होणार असेल तर पुढच्या वेळी एखादं सरकार आठवडाभर गप्प बसेल, आणि तेवढ्या आठवड्यात साथ कुठल्या कुठे गेलेली असेल.