आदेशाचं शेवटचं पान कुठंय?

जुळे सोलापूरच्या एका ताईंचं पत्र आहे. वय ३८, नोकरी खासगी. आठ वर्षं त्या आणि त्यांची जोडीदार मैत्रीण (वय ३३) एकत्र राहतात. बालगृहातल्या नऊ वर्षांच्या मुलीला फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे दत्तक न घेता सांभाळायला, घरी आणायचं म्हणून दोघींनी मिळून अर्ज केला, तो बाल कल्याण समितीनं फेटाळला. 'आता हायकोर्टात जायचं का?' असं त्या विचारतात. पुण्या-लातूरकडूनही हेच विचारणारी पत्रं येतात.

ताई, तुम्ही आदेशाच्या पहिल्याच पानाचा फोटो पाठवलात. त्यावर नावं आणि अर्ज क्रमांक असतो, निकाल शेवटच्या पानावर असतो. तुमचं सगळं तिथंच अडलंय. 'जोडपं म्हणून निकषांत बसत नाही' एवढंच लिहिलं असेल, तर तो आदेश सोडून द्या. पण 'घरातलं वातावरण मुलीसाठी योग्य नाही' अशा अर्थाची एखादी ओळ असेल, तर ती तशीच राहू देऊ नका. उद्या नवा अर्ज केलात की पहिल्यांदा तीच ओळ तुमच्यापुढे ठेवली जाईल.

फॉस्टर केअरच्या आदेशावरचं अपील बाल न्याय अधिनियमाच्या कलम १०१ प्रमाणे जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या कलेक्टरांकडे जातं. मुदत ३० दिवस, आणि तीही आदेशाच्या तारखेपासून. तुमच्या हातात पडला त्या दिवसापासून नव्हे. कागद मिळूनच तीन आठवडे झालेत आणि तुम्ही लिहिता, 'गड्ड्याच्या गडबडीत राहून गेलं.' विलंब माफ होऊ शकतो, पण त्याला सबळ कारण लागतं. जत्रा हे सबळ कारण नव्हे!

अर्ज मुळातच चुकला होता. वैवाहिक स्थितीपुढे तुम्ही 'विवाहित' लिहिलंत आणि तुळजापुरात एकमेकींना माळा घातल्याचा फोटो जोडलात. भावना समजते. पण केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे जोडप्याचं वैवाहिक नातं दोन वर्षं स्थिर असावं लागतं, आणि दोन स्त्रियांचं लग्न आपला कायदा मानत नाही. २०१८ मध्ये कलम ३७७ च्या निकालानं समलिंगी संबंध हा गुन्हा राहिला नाही, लग्न काही मिळालं नाही. समलिंगी लग्नाच्या सुप्रियो खटल्यात १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाच्या पाचही न्यायमूर्तींनी लग्नाचा मूलभूत हक्क नाकारला. दत्तकासाठी तशीच दोन वर्षांची अट घालणाऱ्या दत्तक नियमावलीतल्या नियम ५(३) वर मात्र मतं फुटली आणि तीन विरुद्ध दोन अशा बहुमतानं तो टिकला. पुनर्विलोकन अर्जही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळले गेले. हायकोर्टाचं सर्किट बेंच आता कोल्हापुरात आलंय, मुंबईची खेप वाचते, हे खरं. पण तिथं हाच मुद्दा घेऊन गेलात तर वर्षं तारखांत जातील आणि मुलगी तोवर बालगृहातच मोठी होईल.

२०२४ च्या त्याच सूचनांत तुमच्यासाठी वाट आहे. पस्तिशी ओलांडलेल्या एकट्या व्यक्तीलाही आता मूल सांभाळायला घेता येतं. आधी ही मुभा फक्त विवाहित जोडप्यांना होती. एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी, एकट्या पुरुषाला फक्त मुलगा. तेव्हा अर्ज तुमच्या एकटीच्या नावानं करा, 'अविवाहित' लिहून. मैत्रीण त्याच घरात राहते हे मात्र लपवू नका. गृहभेटीत घरातल्या प्रत्येकाची चौकशी होते, आणि खोटं सांगून मिळवलेला आदेश पुढं रद्द झाला तर भोगायचं त्या पोरीला. खरं सांगितल्यावर समिती काय म्हणेल? समितीवर कोण बसलंय त्यावर बरंच अवलंबून आहे, मी खात्री देणार नाही.

दोन वर्षांच्या सांभाळानंतर दत्तकासाठी अर्ज करता येतो. खरी गाठ तिथं आहे. लिव्ह-इनमध्ये राहणाऱ्या एकट्या अर्जदाराचा दत्तक अर्ज विचारात घ्यायचा नाही, असं 'कारा'चं, म्हणजे दत्तकाचं काम पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचं, १६ जून २०२२ चं परिपत्रक आहे. सुप्रियो खटल्यातल्या बहुमताच्या निकालात न्या. भट यांनी प्रत्यक्षात अशी कुटुंबं असतात याचा 'कारा'नं आणि सरकारनं विचार करावा, असं लिहिलंय खरं, पण तो आदेश नव्हे. त्यावर विसंबून बेत आखू नका.

आणि एक. कागदोपत्री पालक तुम्ही एकट्याच असाल. शाळेत, दवाखान्यात मैत्रिणीची सही चालेलच असं नाही. तुमचं काही बरंवाईट झालं तर मुलगी तिच्याकडे आपोआप राहणार नाही, कुठं ठेवायचं ते समिती ठरवेल. नवा अर्ज भरण्याआधी हे तिला स्पष्ट सांगा, कारण अर्ज तुमच्या नावाचा असला तरी निम्मा सांभाळ तीच करणार आहे.